मसुदेकाकांची चिठ्ठी

आरोग्य खात्यात त्यांना सगळे मसुदेकाका म्हणत. आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांना सरकारने काय उत्तर द्यायचं त्याचे मसुदे करणं, एवढंच काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. केंद्राकडचं आरोग्य खातं प्रांताच्या हाती आलं, ‘आता आपलं दुखणं आपणच बघणार’ म्हणून पुढाऱ्यांनी घसा बसेपर्यंत भाषणं ठोकली, त्याच वर्षी काका नोकरीला चिकटले. तेव्हापासून उत्तरं चारच : हे खरे आहे, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. पहिलं लिहायची वेळ क्वचितच येई. चुकून लिहिलंच तर साहेब म्हणायचे, “खरं लिहायचा पगार मिळतो का तुम्हाला?” मग काका मुकाट्याने मसुदा फाडायचे.

या मुकाटपणाची अलीकडे त्यांची त्यांनाच शिसारी येऊ लागली होती. कारण धाकट्या बहिणीची मूत्रपिंडं निकामी झाली. तिच्या गावच्या रुग्णालयात डायलिसिसचं मशीन होतं, पण चौदा महिने पांघरूण घेऊन उभं. पाणी शुद्ध करणारं यंत्र कुणी बसवलंच नव्हतं आणि त्याशिवाय मशीन चालत नाही. म्हणून आठवड्यातून तीनदा ती चार तास बसचे धक्के खात शहरात यायची, आणि उपचार झाले की काकांच्या घरी जराशी पाठ टेकून परत जायची.

“दादा, आता नाही रे झेपत. एवढा महिना येते, मग काय व्हायचं ते होऊ दे,” ती म्हणाली होती. आणि बोलल्याप्रमाणे वागणारी होती ती.

अशात एका आमदाराने नेमका त्याच मशीनचा प्रश्न टाकला : ते बंद आहे, हे खरे आहे काय? काकांनी हरखून लिहिलं, ‘हे खरे आहे.’

साहेबांनी फाईल त्यांच्यापुढे आपटली. “रुग्णालयाचा अहवाल वाचा. मशीन कार्यान्वित आहे.”

“साहेब, मी रविवारी स्वतः बघून आलोय. त्यावर कर्मचारी जेवणाचे डबे ठेवतात.”

“तुम्हाला कुणी जायला सांगितलं होतं?”

छापून आलं, ‘हे खरे नाही.’

प्रश्न सभागृहात आला त्या दिवशी काका अधिकाऱ्यांच्या सज्जात साहेबांशेजारी फाईल धरून बसले. आमदाराने उठून विचारलं, “या मशीनवर आजवर किती रुग्णांना उपचार मिळाले?” मंत्र्यांनी मागे न बघताच हात पसरला. पसरलेल्या हातात सज्जातून चिठ्ठी जायची आणि तीवर जे असेल ते मंत्री वाचून मोकळे व्हायचे, ही जुनी रीत. फोनमध्ये गुंगलेले साहेब पुटपुटले, “लिहा काहीतरी.”

काकांनी लिहिलं. अक्षर सुवाच्य आलं. शिपायाने चिठ्ठी पोचवली.

मंत्र्यांनी चष्मा चढवला आणि नेहमीच्या रटाळ सुरात वाचलं, “अध्यक्ष महोदय, एकाही नाही. मशीन चौदा महिन्यांपासून बंद आहे. पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवलेले नाही. सदस्यांना दिलेले लेखी उत्तर खोटे आहे.”

काकांना वाटलं, आता आभाळ कोसळणार!

सत्ताधाऱ्यांनी सवयीने बाकं वाजवली. विरोधकांतले दोघे कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघून फिदीफिदी हसत होते. प्रश्न विचारताना आपला फोटो नीट आला की नाही, हे बघण्यात गढलेला आमदार दचकून उठला आणि म्हणाला, “सविस्तर उत्तराबद्दल मंत्रिमहोदयांचे आभार.” अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. इतक्या माणसांत एकाचेही कान जागेवर नव्हते. थू त्यांच्या जिंदगानीवर!

साहेबांनी मान वर केली. “झालं ना आपलं? चला, चहा घेऊ.”

 काका चहाला न जाता बाहेर येऊन भिंतीला टेकले, तोच बहिणीचा फोन.

“दादा, विचारलं का रे त्यांनी?”

“विचारलं.”

“मग सरकार काय म्हणालं?”

“मशीन बंद आहे, खरं आहे, म्हणालं.”

“अगंबाई! भर सभागृहात?” कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला होता. “मग आता सुरू करतील ना?”

आत पुन्हा बाकं वाजली. ते थांबेपर्यंत काकांनी फोन तळहाताने झाकून धरला.

“तू परवाची बस चुकवू नकोस,” ते म्हणाले.