साडूच्या गाडीचा ब्रेक

खोटं काहून बोलू, मी जळत होतो. थोडंथोडकं नाही, चांगला आतून जळत होतो. कारण एकच, धाकट्या साडूनं दिवाळीच्या पाडव्याला हायब्रिड गाडी घेतली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वसमतला त्याची हळदीची आडत आहे. मी हिंगोलीत एका सरकारी कचेरीत बारनिशीचा कारकून. लोकांचे अर्ज, तक्रारी येतात, त्यांवर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचे. वीस वर्षं झाली, हेच करतोय.

आमची सासरवाडी साखऱ्याची, सेनगाव तालुक्यातली. माझं लग्न झालं तेव्हा तिथं माझा काय रुबाब होता! सासूबाई गावभर सांगत फिरायच्या, "आमचा जावाई सर्विसवाला हाय." पाच वर्षांनी धाकटा आला तेव्हा तो मोंढ्यात दुसऱ्याच्या आडतीवर पोती मोजायचा. जेवायला बसलो की आधी माझं ताट, मग त्याचं. बिचारा "दादा, दादा" करत पाया पडायचा. तेव्हा मला तो लय आवडायचा.

गाडी आली आणि सगळं फिरलं. माझ्याकडं गाडी नाही असं नाही. सेकंडहँड आहे, चौदा वर्षांची. वेशीबाहेर असली तरी तिचा आवाज सासऱ्यांच्या ओसरीत ऐकू येतो, आणि कोणी उठून बघत नाही. साडूची गाडी हळू असली की नुसत्या बॅटरीवर चालते, आवाज म्हणून नाही. तरी कोण जाणे कसं, ती गल्लीत शिरली की अख्खी गल्ली दारात! माझा मेव्हणा खांद्यावरच्या टॉवेलानं तिची काच पुसतो. माझ्या गाडीखाली कोंबड्या बसतात.

साडू कौतुकानं सांगायचा, "दादा, ब्रेक मारला की हिची बॅटरी चार्ज होती." मी म्हणायचो, "वा, वा, बराबर." आणि घरी येऊन दोन दिवस बायकोशी धड बोलायचो नाही. तिला सगळं कळायचं. भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, दुसऱ्यानं खाल्लं तर तुमचं पोट काहून दुखून राहिलं?"

लग्नसराईत वारंगा फाट्याला नात्यातलं एक लग्न होतं. कचेरीच्या कामानं मी बसनं वसमतला गेलो होतो, तिथूनच आम्ही दोघं साडूच्या गाडीत निघालो. अर्ध्या वाटेत त्यानं गाडी बाजूला घेतली. "घ्या की दादा, एकदा चालवून तर बघा." मला "नको" म्हणायचं होतं, पण तोवर मी उतरून त्याच्या बाजूला पोचलो पण होतो. काय गाडी होती, राव! पायानं नुसतं विचारलं तरी पळत होती. मी आणखीच जळलो.

फाट्याजवळ रस्ता उखडलेला होता आणि पुढं एक ट्रक थांबलेला. मी ब्रेक दाबला. तेवढ्यात चाक खड्ड्यातून उसळलं आणि पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ झाला. थांबायच्या ऐवजी गाडी पुढंच पळाली. स्टेअरिंगमागं डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि विझला. मग ब्रेकनं धरलं, आणि गाडी ट्रकच्या मागं हातभर अंतरावर उभी राहिली.

मी साडूकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. "तुमाला सवय न्हाई दादा," तो म्हणाला. "हिचा ब्रेक हलक्या पायानं दाबायचा असतो."

असा राग आला मला! वीस वर्षं गाडी चालवतोय मी, आणि हा मला पाय कसा दाबायचा ते शिकवतो! पण राग ओसरला तसं आत काहीतरी गुदगुल्या करायला लागलं. बडा घर पोकळ वासा! एवढी मोठी गाडी, आणि ब्रेक असा? लग्नात मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या. घरी आल्यावर बायकोशी इतका गोड बोललो की तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, हा जळतो. आणि मी जळतच होतो, मग कोणत्या तोंडानं सांगणार? माझी मी अशी समजूत घातली. मेव्हणी आणि तिचं लेकरू त्या गाडीत रोज बसतात हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते तसंच पुढच्या टेबलावर सरकवलं.

महिन्याभरानं धोंड्याचा महिना लागला. अधिकात लेकी-जावयांना बोलवून धोंडे खाऊ घालायची आमच्याकडं रीत. पुरण भरलेले कणकेचे धोंडे, वर तुपाची धार. जावयाचे पाय धुतात, कपडे करतात, तेहतीस अनारसे देतात. सासूबाईंनी रीतीप्रमाणं आधी माझे पाय धुतले, पण डोळे अंगणातल्या गाडीकडं. मी माझे अनारसे मोजले. तेहतीस होते. मग कोणाचं लक्ष नाही बघून साडूचेही मोजले. तेही तेहतीसच निघाले, तरी माझं समाधान झालं नाही.

जेवणं झाल्यावर मेव्हणीनं टूम काढली, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन येऊ. सासूबाई हरखल्या. साडूच्या गाडीत मागं सासूबाई, माझी बायको आणि मेव्हणी, तिच्या मांडीवर लेकरू. पुढची सीट माझ्या लेकीनं पळत जाऊन धरली. सातवीतली पोरगी. पट्टा लावून, काच खाली करून मला म्हणते, "बाबा, बघा, आवाजच न्हाई!"

साडू स्टेअरिंगवर बसला. मी गाडीपुढं जाऊन उभा राहिलो.

"ऊन लय हाय," मी म्हणालो. "सांजच्याला जा."

"एसी हाय की, दाजी," मेव्हणी म्हणाली.

"मग माझ्या गाडीत चला."

सगळे खो-खो हसले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तिच्यात बसल्यावर नागनाथाच्या आधी मेकॅनिकचं दर्शन व्हायचं!"

"हिचा ब्रेक बराबर न्हाई," मी म्हणालो.

हसू थांबलं. मग मागच्या सीटवरून माझी बायकोच बोलली, "झालं ह्यांचं सुरू! गाडी आली तवापासून ह्यांचं पोट दुखून राहिलं. चला वो तुमी, ह्यांचं काय ऐकता?" सासूबाईंनी खाली बघून पदर सारखा केला. म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं.

खरं तर माझी सुटका झाली होती. सांगायचं ते सांगितलं, कोणी ऐकलं नाही, आता बाजूला व्हायचं. कचेरीत आम्ही हेच करतो. पण माझी पोरगी पुढच्या सीटवर बसून माझ्याकडं बघत होती. तिला माझी लाज वाटत होती, ते दिसत होतं. मी दोन्ही हात बॉनेटवर टेकवले.

"व्हय, जळतो मी!" मी ओरडलोच. "पाडव्यापासून जळून राहिलो. आत्ता जेवल्यावर ह्याचे अनारसेसुद्धा मोजले मी. जळतो म्हणून ब्रेक चांगला होतो का? वारंग्याला माझ्या पायाखाली गेला तो. ट्रकमध्ये घुसलो असतो आमी दोघं. महिना झाला त्याला. मी चूप बसलो, काहून की मला बरं वाटत होतं. आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण खाली उतरा."

कोणी शिव्या दिल्या नाहीत. सगळे साडूकडं बघायला लागले. तो दार उघडून उतरला.

"दादा खरं बोलून राहिले," तो म्हणाला. "उतरा समदे."

मेव्हणीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे तुमाला ठावं होतं? मी रोज लेकराला ह्याच गाडीत बसवून तुमच्यासंगं शाळेत धाडते न!" ती लेकराला काखेत घेऊन तरातरा घरात गेली. त्या दिवशी ती नवऱ्याशी बोलली नाही. माझ्याशीही नाही. औंढ्याला कोणीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसला. हातात कोरे कागद होते. "दादा, कंपनीला तक्रार लिहायची हाय. तुमीच लिवा."

मी पेन काढलं. हे काम माझं, यात मला कोणी शिकवू शकत नाही. एक एक विचारत गेलो. खड्ड्यातून जाताना ब्रेक सुटतो, गाडी पुढं ओढते, पिवळा दिवा लागून विझतो. शोरूमला तो तीनदा जाऊन आला होता. तिथं सांगितलं, हायब्रिडला असंच असतं, सवय होईल. सगळं तोंडी. एक चिठोरं नाही, एक सही नाही.

"पहिल्यांदा कधी झालं?"

"गाडी घेतली त्याच्या आठव्या दिवशी. शाळेपुढं. लेकरू मागं बसलेलं होतं."

माझं पेन थांबलं. "अरे, सहा महिने होऊन गेले! लेखी काहून दिलं न्हाई? कंपनी पहिलं तेच विचारणार. विलंबाचं कारण लिहावं लागतं."

तो कागदाकडं बघत म्हणाला, "अर्ज लिवायचा म्हणलं की तुमच्याकडंच यावं लागलं असतं, दादा. तुमाला कळलं असतं."

"मग?"

"तुमी हसला असता."

मी हसलोच असतो. त्याच्यापुढं नाही, पण घरी येऊन पोट धरधरून हसलो असतो, आणि मग सेनगावपासून वसमतपर्यंत नात्यात एकालाही सांगायचं सोडलं नसतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सहा महिने तो लेकराला त्या गाडीत बसवत राहिला.

मी मान वर केली नाही. कागदावर लिहिलं, 'विलंबाचे कारण : कौटुंबिक.'