बाबांची दाढ

बाबा विसरायला लागले तेव्हा मी बदाम भिजवायला लागले. आमच्याकडे डोक्यासाठी हाच पहिला उपाय. परीक्षा असो की म्हातारपण, रात्री बदाम भिजत घालायचे आणि सकाळी सोलून समोर ठेवायचे. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अर्ध्या महाराष्ट्राचे पिनकोड त्यांना तोंडपाठ. तेच बाबा आता दूध आलं का, हे चारचारदा विचारायचे. बोलताना मध्येच थांबायचे. कुणी भेटायला आलं की उठून आतल्या खोलीत जायचे.

दादा हिंजवडीला राहतो. त्याने बाबांच्या मोबाइलवर मेंदूचे खेळ टाकून दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "फार वाढायच्या आत मी यांना माझ्याकडे नेतो. दिवसभरासाठी माणूस ठेवतो." म्हणजे सतराव्या मजल्यावर, अनोळखी माणसाबरोबर. कोथरूडच्या या घरात बाबांची चाळीस वर्षं गेलीत. मला ते सोसवणार नव्हतं. मी सहाचे आठ बदाम केले.

एका सकाळी मशीनला कपडे लावताना बाबांच्या पायजम्याच्या खिशातून सोललेले बदाम निघाले. कालचे, परवाचे, काळे पडलेले. माझं डोकंच सटकलं. मी ते त्यांच्यासमोर नेऊन आपटले.

"तुमच्याच भल्यासाठी मरमर मरतेय ना मी?"

"भलं माझं, तशी दाढही माझीच आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी गालावर हात ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. चार महिने दाढ ठणकत होती. हिरड्या सुजलेल्या, ब्रश लावला की रक्त. रात्रीची झोप उडालेली. भाकरी नको म्हणून ते नुसता आमटीभात गिळत होते, आणि तोंडाला वास येतो म्हणून माणसं टाळत होते.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"डोकं गेलंय असं तुम्ही ठरवलंच होतंत. त्यात दातही गेले म्हटलं असतं, तर तुझ्या दादाने दुसऱ्या दिवशी मला न्यायला गाडी आणली असती."

मला स्वतःची लाज वाटली. ज्याला चावता येत नाही त्याला मी बदाम चारत होते, आणि "आ करा बघू" एवढं एकदाही म्हटलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड नीट तपासलं. म्हणाल्या, "हिरड्यांत पू झालाय. हिरड्यांच्या आजाराचा आणि विसरण्याचा संबंध असावा असं संशोधक म्हणतात, पण नेमका कसा, ते अजून शोधतायत. तरी एक सांगते. चार महिने झोप नाही, खाणं नाही, बोलणं नाही, तर माझंही डोकं चालणार नाही. मी दातांची हमी देते, मेंदूची नाही. त्याची तपासणी वेगळी करून घ्या."

"चला, एक तरी माणूस खरं बोललं," बाबा म्हणाले.

दोन दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या. बाबांचं ब्रश करणं पाहून बाईंनी त्यांना चांगलंच ऐकवलं, "दात घासायचेत, टपालावर शिक्के नाही मारायचे." तेव्हापासून रोज दोन वेळा आम्ही बापलेक बेसिनसमोर शेजारी उभे राहतो, आणि माझं नीट होतंय की नाही हे तेच बघतात.

हळूहळू झोप आली. भाकरी आली. शेजारचे काका आले तर बाबा बाहेरच बसून त्यांच्याशी वाद घालायला लागले. विसरणं पूर्ण गेलेलं नाही. चष्मा अजून हरवतो, दुधाची चौकशी अजून दोनदा होते. मेंदूच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. पण चारावरून दोनवर आलं, याचा मला किती आनंद आहे, ते कुणाला समजावून सांगता येत नाही.

मध्ये एकदा दादा आला, तो बाबांचे कपडे भरायला मोठी बॅग घेऊनच. आम्ही जेवत होतो. तो बाबांसमोर बसला आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश म्हणाला, "बाबा, आज वार कोणता?"

माझा घास हातातच राहिला. बाबांनी तोंडातली भाकरी शांतपणे चावली, गिळली आणि वर ते पाणी प्यायले.

"रविवार," ते म्हणाले. "एरवी तू कशाला येशील?"

दादा मान खाली घालून हसला. संध्याकाळी तो बॅग रिकामीच घेऊन गेला.