तेलाचं बोट

ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. आम्ही पांढुर्ण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला इसब झाला होता. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे आणि डाव्या मनगटावर. मनगट तर कायम चिघळलेलं, लस वाहत असायची. शाळेतल्या बाईंनी आधी तिला वेगळ्या चटईवर बसवलं, मग "बरी झाली की पाठवा" म्हणून घरी धाडलं. मी शाळेच्या दारातच भांडले. परतताना मात्र एकच विचार डोक्यात होता. या पोरीचा हात कोणी धरणारच नाही की काय?

दोष द्यायला मी कोणाला सोडलं नाही. विहिरीचं पाणी झालं, संत्र्याच्या बागेतली फवारणी झाली, सासरचं रक्त तर झालंच झालं. शेजारणीच्या सांगण्यावरून जामसांवलीच्या हनुमानालाही जाऊन आले. खाज काही हटेना.

शेवटी बसने सौंसरला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कापूस गुंडाळलेली काडी मनगटावर फिरवली, दुसरी तिच्या नाकात घातली आणि तिसरी माझ्या. मी तडकले, "दुखणं हाताचं, अन् तुम्ही नाक काय पाहून राहिले?"

काड्या नागपूरला तपासायला गेल्या. आठवड्याने पुन्हा गेलो, तर तिन्हींत एकच जंतू निघाला होता.

"घरी हिला काय लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मोठ्या तोऱ्यात करून दाखवलं. आंघोळ झाली की वाटीत तेल कोमट करायचं. बोट बुडवून आधी दोघींच्या नाकपुड्यांत फिरवायचं, म्हणजे सर्दी होत नाही. मग तेच बोट पुन्हा वाटीत आणि तेच तेल कोपराला, गुडघ्याला, मनगटाला. आमच्याकडे सगळ्या बाया असंच करतात. मी तर रोज करत होते, एक दिवस चुकवला नव्हता.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही तर रोज जंतूंची पेरणी करून राहिल्या!"

माझा चेहरा उतरला. "म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"नाही. इसब तिच्या कातडीचाच आहे, पुढेही अधूनमधून डोकं वर काढेल. नाकातले जंतू बहुतेकांना काही करत नाहीत. हिची कातडी फाटलेली, म्हणून आत शिरले. चिघळणं थांबवता येते."

एवढं ऐकलं आणि मी तिथेच रडले. किती महिन्यांनी छाती हलकी झाली होती! मग दोघींच्या नाकांत मलम, तिला औषध, हात साबणाने धुणं आणि तेल वाटीतून चमच्याने काढणं. नाकात तेल बंद. तीन आठवड्यांत लस थांबली आणि बाईंनी तिला वर्गात घेतलं.

पहिल्याच दिवशी ती घरी आली ती डावा हात उंच धरून. मनगटावर कोणीतरी निळ्या पेनाने घड्याळ काढलं होतं, पट्ट्यासकट. नव्या कोवळ्या कातडीवर शाई! मी ओरडायला तोंड उघडलं.

"माझ्या मैत्रिणीनं काढलं," ती म्हणाली. "हलू नको म्हणे, अन् हात घट्ट धरून ठेवला माझा."

मी तोंड मिटलं. त्या दिवशी मनगट सोडून तिला आंघोळ घातली.