शिवेवरचा बार

गुलाबराव कुणाच्याही घरी गेले, की शर्टाच्या खिशातून पितळेचं रिकामं काडतूस काढून टीपॉयवर उभं करत. मग विचारत, "तुमच्यात फौजेत कुणी व्हतं का हो? असलं एखादं भरलेलं पडलं असंल कुठं." बारसं असो की तेरावं, त्यांना फरक पडत नसे. पुंडलिकनगरात आमची भिंतीला भिंत. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरही त्यांनी ते उभं केलं आणि पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. पुढं तिला याहून चांगलं स्थळ मिळालं. त्याचं श्रेय गुलाबराव शेवटपर्यंत त्या काडतुसालाच देत.

त्यांचे वडील, आबा, निजामाच्या फौजेत होते. पोलीस ॲक्शननंतर फौज मोडली आणि आबा शेंद्र्याला परतले ते एक जुनं फौजी रिव्हॉल्व्हर घेऊन. परवाना रीतसर. दसऱ्याला गावाच्या शिवेवर ते एक बार काढत आणि मगच लोक सोनं लुटत. आबांच्या माघारी रिव्हॉल्व्हर गुलाबरावांच्या नावावर झालं, पण गोळ्या संपलेल्या. शहरातल्या दुकानदारानं सांगितलं, असली गोळी आता बनतच नाही. गुलाबराव उसळले. "बनत नाय म्हंजी? मी हाय, ह्ये हाय, शीव हाय. मग गोळीलाच काय धाड भरली?"

मी त्यांची भरपूर चेष्टा करत असे. एकदा ते म्हणाले, "आबा लई कमी बोलायचे. त्यांचा आवाज म्हंजी तो बार. तेवढा एकदा ऐकायचाय." डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवसापासून मीही भेटेल त्याला गोळीबद्दल विचारू लागलो.

सिल्लोडच्या एका लग्नात काडतूस पंगतीत उभं राहिलं. समोर रहीमचाचा होते, कापसाचे व्यापारी. त्यांनी काडतूस निरखलं, जेवण अर्धं टाकून घरी गेले आणि मलमलीच्या रुमालात बांधलेली जिवंत गोळी घेऊन आले. त्यांचे वडीलही आबांच्याच फौजेत होते. "वालिद की निशानी है. पैसे नक्को. बजाओ, मगर मेरे सामने बजाओ."

दसऱ्याला आम्ही सगळे शेंद्र्याला गेलो. गुलाबरावांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. "एकच हाय हो. वाजली की संपली." चाचांना ते पटलं. सोनं घेऊन ते सिल्लोडला गेले. पुढच्या दसऱ्यालाही तेच झालं, आणि मग तो शिरस्ताच पडला. गुलाबरावांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, गोळी शस्त्रपूजेत घेतली. रिव्हॉल्व्हरला नुसतं हळदकुंकू, पण गोळी पाहुणी, म्हणून तिला पंचामृताचा साग्रसंगीत अभिषेक. लोखंडाला पाणी लावू नये एवढी अक्कल आम्हा सगळ्यांना होती. गोळीचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पुढं गुलाबरावांना ऐकू कमी येऊ लागलं. कुकरची शिट्टीही कळेना, तेव्हा ते घाबरले. "औंदा वाजवायची. नायतर मी ऐकणार कधी?"

शिवेवर आम्ही लांब उभे राहिलो. काकूंनी कान झाकले. गुलाबरावांनी आभाळाकडं नळी धरली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

टक् झालं. बस्स, तेवढंच.

त्यांनी डोळे उघडले. "वाजली का?"

रहीमचाचा पुढं झाले आणि ओरडले, "बजी! क्या बजी, मियाँ! सिल्लोड तक गई होगी!"

"व्हय, लई मोठी," काकू म्हणाल्या. त्यांचे हात अजून कानांवरच होते. मीही जोरजोरात मान हलवली.

गुलाबरावांनी रिव्हॉल्व्हर उघडून गोळी तळहातावर घेतली. शिसं जागच्या जागी होतं आणि कडेनं मध चिकटला होता. ती त्यांनी बराच वेळ पाहिली, आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं आणि मूठ मिटली. "आबांसारखीच वाजली," म्हणाले. लोकांनी सोनं लुटलं.

त्यानंतर ते रिकामं काडतूस कुणाच्या घरी निघालं नाही. पाहुणे बिनघोर चहा पीत आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होई.

गुलाबराव गेले. काकूंनी रिव्हॉल्व्हर पोलिसांत जमा केलं. तेराव्याला रहीमचाचा आले, तेव्हा काकूंनी मलमलीचा रुमाल त्यांच्या हातात ठेवला. "तुमच्या वडिलांची निशाणी. वाजून झालेली हाय."

चाचांनी रुमाल चाचपला. आत अख्खी गोळी होती. त्यांनी तो न उघडता वरच्या खिशात ठेवला.

"हाँ भाभी," ते म्हणाले, "मेरे सामने बजी."