मागचे चौघे आणि टेलर मास्तर

"समोर काय पाहता, सर? मांगं पाहा, मांगं!"

आमच्या टीमचा कुणीतरी बॉल घेऊन सुसाट निघालेला असे, आम्ही तिघं खुर्चीच्या अगदी कडेवर आलेले असू, आणि नेमक्या त्या वेळी मास्तर हातातला खडू वर करून हे म्हणत. जगातले सगळे लोक जिकडे बॉल असेल तिकडे बघतात. मास्तर टीव्हीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे काहीच चाललेलं नाही, तिथे बघत. तिथे आमचे चार बचावपटू कमरेवर हात ठेवून उभे असत. मास्तरांच्या मते खरी मॅच तीच.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतला मी, डोणगावच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. हे टेलर मास्तर. मेहकर रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. आता ते मुलीकडे वाशीमला राहतात आणि दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात. पण तेव्हा दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर एक टीव्ही होता, आणि रविवारी पाचची मॅच असली की आम्ही तिथे हजर. मी, रिटायर झालेले कंडक्टर प्रल्हादभाऊ आणि शेजारचे वेल्डर रज्जाकभाई. एवढ्या मोठ्या गावात फुटबॉल पाहणारी माणसं एवढीच. बाकी गाव क्रिकेटवालं. ते येता-जाता आमच्याकडे बघून मान हलवत, आणि आम्हीही त्यांना माफ केलं होतं.

फुटबॉलचं हे वेड मास्तरांनी कामठीहून आणलेलं. तरुणपणी ते तिथे एका उस्तादाच्या हाताखाली कटिंग शिकले. दुकानासमोर मैदान, आणि कामठीत फुटबॉल म्हणजे काय ते कामठीवाल्यांनाच विचारा. दिवसभर मशीन चालवायचं आणि मान तिरकी करून मैदान पाहायचं. दुकान गोलपोस्टच्या मागे असल्यामुळे त्यांना कायम बचाव करणाऱ्यांच्या पाठी दिसत. ती सवय आयुष्यभर राहिली.

आमच्या टीमचं नाव सांगत नाही. लोक हसतात. जांभळ्या जर्सीची, समुद्राकाठच्या एका शहराची टीम. आम्हा चौघांपैकी एकानंही ते शहर पाहिलेलं नाही. मास्तरांनीच ती निवडली. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रंग पक्का हाय. पान्यात भिजली तरी उतरत नाही." एवढ्या भांडवलावर आम्ही तीन वर्षं तिच्यासाठी जीव टाकला. पहिल्या वर्षी तर टीमनं इतके गोल खाल्ले, की प्रल्हादभाऊ म्हणायचे, "यायच्यापेक्षा आपली एसटी बरी. निदान दरवाजा तं लावते."

मॅच संपली की मास्तर कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सारत, खडूनं मैदान आखत आणि शर्टाची चार बटणं मांडून बचाव समजावत. आम्ही तिघं डोकी टेबलावर वाकवून पाहायचो. तुम्ही रस्त्यावरून पाहिलं असतं, तर कुणाच्या तरी लग्नाच्या सुटाचं माप चाललंय असं वाटलं असतं.

त्यावरून एकदा मोठा घोळ झाला. मास्तरांच्या खडूनुसार सगळे गोल आमच्या डावीकडून पडत होते. म्हणून आम्ही डाव्या बॅकला सहा-सात महिने मनसोक्त शिव्या घातल्या. रज्जाकभाईंनी तर त्याच्या खानदानापर्यंत मजल नेली. मग एके दिवशी मी भूगोलवाला म्हणून दिशा तपासल्या, तर गोल पडत होते उजवीकडून! शिंपी कापडावर खुणा करतो त्या उलट बाजूनं. तिथे डावी बाही उजवीकडे येते. मास्तर मैदानही तसंच उलटं मांडत होते. हे त्यांना सांगितल्यावर ते जरा ओशाळले, पण हार मानली नाही. "कापड सुलट करून पाहाचं काम तुमचं होतं, सर. शिकलेले तुम्ही." रज्जाकभाई मात्र फार हळहळले. "बिचारे डाव्याचं काहीच नव्हतं, यार," असं म्हणत त्यांनी पुढचा महिनाभर त्याची उगाचच तारीफ केली.

तिसऱ्या वर्षी नवा कोच आला आणि बचाव हळूहळू सुधारू लागला. ते ओळखलं मास्तरांनीच. आमचं लक्ष स्कोअरवर. ते म्हणत, चौघांतलं अंतर पाहा. धावदोऱ्यासारखं सारखं पडून राह्यलं. एक पुढं सरकला की तिघं सरकतात. आणखी एक माप त्यांनी काढलं होतं. मध्येच विचारायचे, "सर, कीपरची चड्डी मयली का?" मी पाहून सांगायचो, "नाही मास्तर, कोरी आहे." ते समाधानानं मान हलवायचे. "मांगच्या साली हाफटाइमलेच मातीनं भरलेली राहे. आता इस्त्री मोडत नाही. पोरायनं काम शिकलं." बचाव सुधारला की नाही हे गोलकीपरच्या कपड्यांवरून ठरवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कळवा.

असे प्रश्न ते पुष्कळ विचारत. "प्रल्हादभाऊ, आता बॉल कोनाकडं हाय?" "रज्जाकभाई, तो कॉर्नर का थ्रो?" आम्हाला वाटे, मास्तर आमची परीक्षा घेतात, बघताय की डुलक्या काढताय. शिक्षक असून ही गोष्ट मला कळू नये, याची लाज आजही वाटते.

कळली ती एका रविवारी. समोरच्या टीमच्या एकानं चाळीस हातांवरून बॉल मारला. आमचे चौघे एका रेषेत, अगदी शिस्तीत उभे. बॉल त्यांच्या डोक्यावरून गेला आणि जाळीत शिरला. आम्ही कपाळावर हात मारले, आणि मास्तर खुशीत म्हणाले, "वा! याले म्हनते उभं राहनं. एक बी जागचा हालला नाही!"

प्रल्हादभाऊ आणि रज्जाकभाई खो खो हसले. त्यांना वाटलं, मास्तरांनी टोमणा मारला. मास्तरही हसले, पण आधी आमच्या तोंडांकडे पाहून, जरा थांबून. तेवढ्या वेळात मला कळून चुकलं. त्यांना बॉल दिसलाच नव्हता. जांभळे चार ठिपके दिसत होते, आणि ते सारख्या अंतरावर होते, म्हणून ते खूश होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ते नसताना दुकानात गेलो. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, काजं करत होत्या. मी विषय काढताच त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "तुमाले समजलं का, सर? दोनी डोयायले मोतीबिंदू हाय. दोन साल झाले. रोज सकायी वीस सुया ओवून गादीले टोचून ठेवतो मी. मशीनचा दोराबी मीच घालतो. गिऱ्हाइकाले समजलं तर कोन कापड देईन?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऑपरेशन नाही म्हनते. त्यायच्या उस्तादाचा डोया ऑपरेशननं गेलता ना. मंग उस्ताद आखरीपर्यंत नुसते बसून राहे. ह्यायले तेच भेव हाय."

हे सगळं मास्तरांनी मागच्या दारातून येताना ऐकलं. मला वाटलं, चिडतील. ते टेबलाजवळ येऊन बसले आणि टेबलावरून हात फिरवत राहिले. मी म्हटलं, आता काळ बदललाय, अर्ध्या तासाचं काम आहे, मी सोबत येतो. हे सगळं माझं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि फुटबॉलवाल्यासारखंच उत्तर दिलं.

"एक काम करू, सर. आपल्या टीमनं एक मॅच, फकस्त एक, गोल न खाता काढली, की दुसऱ्या दिवशी मी मेहकरले. डॉक्टर म्हनीन तिथं." आणि शिलाई मशीनवर हात ठेवला. मशीनवर हात ठेवून दिलेला शब्द मास्तरांनी कधी मोडलेला नव्हता. लग्नाचे कपडे ते असेच हात ठेवून कबूल करत, आणि हळद लागण्याआधी देत.

मास्तर मोठे हुशार. आमच्या टीमनं तीन वर्षांत एकही मॅच कोरी काढली नव्हती.

त्यानंतरचे रविवार आठवले की मला आजही हसू येतं. प्रल्हादभाऊंना आणि रज्जाकभाईंना मी सगळं सांगून टाकलं होतं. आता आम्हाला आमच्या टीमचे गोल नकोच होते. जिंकली काय, हरली काय. फक्त खाऊ नका! एका रविवारी तीन गोल मारून टीम जिंकली, पण शेवटच्या मिनिटाला एक खाल्ला, तर आम्ही सुतक पडल्यासारखे घरी गेलो. दुसऱ्या वेळी आमच्याच गड्यानं आमच्याच जाळीत बॉल घातला. काकू, ज्यांनी उभ्या जन्मात मॅच पाहिली नव्हती, त्या आता काजं हातात घेऊन पहिल्या शिट्टीपासून बसत. त्या पुटपुटत, "चौघं चौघं उभे राहून एक बॉल आडवता येत नाही का यायले?" गोल पडला, की मास्तर चेहरा वाईट करून मान हलवत. पण खांदे सैल झालेले मला दिसायचे.

तरी बचाव सुधारतच होता, आणि ते तेच सांगत होते. "आता एकच खाऊन राह्यले, सर. जाग्यावर येऊन राह्यले." हे सांगताना त्यांना अभिमानही वाटे आणि धडकीही भरे. दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसत.

मग ती मॅच आली. शून्य-शून्य. हाफटाइम झाला, शून्य-शून्य. सत्तर मिनिटं झाली, ऐंशी झाली. मास्तरांनी चड्डीचं विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. मी टीव्ही सोडून त्यांच्याकडेच पाहत होतो. एक गोल पडला असता, तर त्यांना आणखी आठवडाभर निवांतपणा मिळाला असता. फार काही नको होतं, एक गोल.

शेवटच्या मिनिटांत समोरच्यांना कॉर्नर मिळाला. तो अडवला, तर दुसरा. मास्तर अचानक उठून उभे राहिले.

"पह्यल्या खांबाजवळ कोन हाय? सर, कोन हाय तिथं?"

"कुणी नाही, मास्तर!"

"अबे, खांब धर ना! धर म्हनतो ना खांब!" ते टीव्हीवर अक्षरशः ओरडले. त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. बॉल आत आला, गर्दी झाली, कीपर पडला. आमचा तो शिव्या खाल्लेला डावा बॅक कुठून तरी धावत आला आणि त्यानं खांबाला लागून आत जाणारा बॉल डोक्यानं बाहेर काढला.

"काढला!" मी ओरडलो. "बाहेर काढला, मास्तर!"

"काढला? काढला का?" त्यांनी माझा दंड घट्ट पकडला होता. शिट्टी झाली. रज्जाकभाई नाचले, प्रल्हादभाऊंनी कात्री टेबलावर आपटून वाजवली, काकूंनी पदर तोंडाला लावला. मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि सगळे मास्तरांकडे वळले.

मास्तर खाली बसले. पाणी मागितलं. पूर्ण ग्लास प्यायले. मग म्हणाले, "प्रल्हादभाऊ, मेहकरची सकायची पह्यली गाडी कितीची हाय?"

आधी एका डोळ्याचं झालं, महिन्याभरानं दुसऱ्याचं. दोन्ही वेळा मी बरोबर होतो. ऑपरेशनच्या टेबलावर नेईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. पण सगळं छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, औषधाचे थेंब दिले आणि डोळ्यांना हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही पुन्हा जमलो. मास्तर नेहमीच्या खुर्चीत, डोळ्यांवर काळा चष्मा. मॅच सुरू झाली. बॉल जिकडे जाई तिकडे त्यांची मान जाई. आम्ही एकमेकांना खुणावलं. आता काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे वळलो, तर ते माझ्याकडेच पाहत होते. माझ्या छातीकडे.

"सर, हा सदरा कोनी शिवला?"

खिसा चांगला बोटभर तिरका होता. शिवून आणला त्या दिवशीच मला दिसला होता, आणि घाईत झालं असेल म्हणून मी तोच सदरा शाळेत, लग्नात, सगळीकडे घातला होता.

"तुम्हीच, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून रज्जाकभाईंची कॉलर पाहिली. मग प्रल्हादभाऊंच्या बाहीची शिलाई पाहिली.

"काढा," ते म्हणाले. "तिघंबी काढा."

आम्ही बनियनवर बसलो. काकू "आता ब्लेड हातात घेऊ नका" म्हणेपर्यंत मास्तरांनी टीव्हीकडे पाठ फिरवून माझ्या खिशाचे टाके उसवायला घेतले होते. मागे आमचे चौघे छान खेळत असावेत. त्या दिवशीही टीमनं गोल खाल्ला नाही.

"दोन साल हे घालून गावात फिरले तुम्ही," मास्तर मान न उचलता म्हणाले. "एकानंबी सांगितलं नाही मले."

"सांगायचं काय त्यात, मास्तर?" रज्जाकभाई म्हणाले. "अंगाला बराबर बसत होता."

मास्तरांचा हात थांबला आणि चष्म्याखाली जायला निघाला. काकूंनी तो मधेच धरला. "डोयाले हात लावू नका म्हनलं ना डॉक्टरनं." त्यांनी हात खाली घेतला, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं आणि पुढचा टाका उसवला.