भैयाजी मास्तरांचे डास

गांधीबागेमागच्या आमच्या गल्लीत बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास सगळे डास मारत आणि भैयाजी मास्तर ते पाळत. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. घरी काचेच्या टाकीत एंजल मासे होते आणि त्यांना कोरडं खाणं चालत नसे. नखरे पुरवणारा भेटला की नखरे वाढतातच. म्हणून अंगणात एक काठ फुटलेला रांजण, त्यात सडकं पाणी. त्यावर तरंगणारी डासांची अंडी मास्तर सकाळी चमच्यानं उचलून वाडग्यात ठेवत. दोन दिवसांत वळवळणाऱ्या अळ्या निघत, की माशांची पंगत बसे.

दर पंधरवड्याला मलेरिया खात्याचा लहानू येई, घरात कुणाला ताप आहे का विचारी आणि दाराजवळ भिंतीवर तारीख लिही. साचलेलं पाणी ओतून देणं हे त्याचं कामच. पण तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तर त्याला रांजणाशी उभं करून धडा देत: मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते, आपली तिरपी लटकते, सबब आपले डास निरुपद्रवी. लहानू मान डोलावून निघून जाई. आम्ही शेजारीही हातपाय खाजवत ऐकून घ्यायचो. मास्तर चुकले असं कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं, आणि स्वतः मास्तर तर त्या भानगडीत कधी पडलेच नाहीत.

त्या वर्षी दोनदा फसल्यावर एंजलची पिल्लं जगली. चांगली साठ-सत्तर, वेगळ्या टाकीत, नुकत्या निघालेल्या बारीक अळ्यांवर. मास्तर रस्त्यात माणसं अडवून त्यांची खुशाली सांगत.

आणि गोपिकाबाईंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, थंडी वाजून ताप भरला. लहानूनं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, गोळ्या दिल्या आणि रिपोर्ट आठवड्यानं येईल म्हणाला. रांजणाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी मास्तरांनी रांजण नालीत उपडा केला. मागोमाग वाडगाही.

पिल्लांना त्यांनी उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. पिल्लांनी तोंड लावलं नाही, पाणी मात्र गढूळ झालं. रोज सकाळी मास्तर जाळीनं मेलेली पिल्लं काढत. पाचव्या दिवशी काढायला काही उरलं नाही.

आठवड्यानं लहानू आला. मलेरिया नव्हता. गोपिकाबाई तोवर उठून भाजी चिरायला बसल्या होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली.

"मंग फेकलं काहून? रिपोर्ट येईपर्यंत थांबले असते तं पिल्लं जगली असती न."

"तुले ताप होता वं."

"पण तुम्हाले तं पक्कं मालूम होतं, आपले डास तसे नाहीत म्हणून."

मास्तर पिल्लांच्या रिकाम्या टाकीकडे पाहत राहिले. "अन् मी चुकलो असतो तं?"

सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. गोपिकाबाईंनी विळी पुन्हा पुढ्यात ओढली.