एकविसाव्या दिवसाचं रक्त

धारवाडला गुरांच्या दवाखान्यात मी शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. हात मात्र हलका, म्हणून रक्त काढायला डॉक्टरसाहेब मलाच धाडायचे.

एका वर्षी पावसाच्या आधी अळणावरकडच्या एका गावात बैलांना घटसर्पाची नवी लस टोचली. गाव माझ्या बायकोचं माहेर. साहेबांनी बजावलं होतं, "बरोबर एकविसाव्या दिवशी रक्त काढ. रक्तात ताकद कधी भरते ते त्यावरनं कळतं. उशीर झाला तर झाला, पण तारीख खरी लिही."

एकविसावा दिवस नेमका कारहुणवीला आला. बैलांचा सण. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. मेव्हणा हसत म्हणाला, "दाजी, आज बैलाला सुई लावलात तर गाव तुम्हालाच दावणीला बांधील. पुरणाची होळगी खावा नि गप पडा." पडलो. पाहुणचारात आठवडा गेला. मग रक्त काढलं आणि बाटल्यांवर सणाचीच तारीख घातली. सासरी लोळत होतो हे कुठल्या तोंडानं सांगू?

बायको म्हणाली, "दही संध्याकाळी बघायचं नि दुपारीच लागलं म्हणून सांगायचं, असं झालं हे. उद्या कोणतरी दुपारीच भांडं हलवील."

मी खेकसलो, "गप बस. भावापाशी पण बोलायचं नाही."

साहेबांनी विचारलं, "एकविसावाच ना?"

"होय साहेब. रक्त काढलं नि तापानं पडलो, म्हणून यायला आठवडा लागला."

ताकद भरपूर निघाली. साहेब खूश. पुढच्या वर्षी त्यांनी गावात सांगितलं, टोचून तीन आठवडे झाले की बैल खुशाल बाजारात न्या. मेव्हण्यानं बाविसाव्या दिवशी नेला. परत आणल्यावर बैलाचा गळा सुजला, चौथ्या दिवशी मेला. साहेब म्हणाले, एखाद्याला लस लागत नाही. तसंही असेल. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हायची वाट मीच बंद केली होती.

बायकोनं तोंड उघडलं नाही. माहेरी जाणं मात्र तोडलं.

यंदा ती देवाघरी गेली. साहेब तर केव्हाच वारले. बाराव्याला मेव्हणा आला, त्याला मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालील.

त्यानं एवढंच विचारलं, "अक्काला ठाऊक होतं?"

"होय."

"बैलाचं जाऊ द्या. अक्का घरी येईना झाली, तेव्हा आमची हीच काहीतरी बोलली असणार म्हणून मी हिला किती वर्षं टाकून बोललो, दाजी."

पान वाढलेलं होतं. तो न जेवता गेला. त्याच्या घरी जाऊन त्या बाईपुढं उभं राहायला पाहिजे. अजून गेलो नाही.